शेवटचा रीसेट : वारा घ्यायचा की लांडगा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन धाकट्या बहिणीने पळवलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतेय. बोलले तसंच लिहिलंय, फक्त "म्हणजे काय की" वीसेक ठिकाणी खोडलंय. मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या, त्याही गेल्या.

गेल्या आठवड्यात परभणीहून एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. ती म्हणते, "ताई, मी आणि माझा भाऊ मिळून एकच ड्रुइड खेळतो. सेकंडहँड स्विच घेतलाय, त्यावर डायब्लो टू रिझरेक्टेड. लेव्हल ६२ झाली. हेलमध्ये पोचलोय आणि दर पाच मिनिटांनी मरतोय. दोन रीसेट आम्ही वापरून बसलो. आता हेलमधली डेन ऑफ ईव्हिल कशीबशी पूर्ण केली, त्याचा तिसरा मिळालाय. भाऊ म्हणतो लांडगा करू, मी म्हणते वारा. तो जूनमध्ये अकरावीला पुण्याला होस्टेलवर जातोय. त्याच्या आधी आम्हाला हेलचा बाल मारायचाय. सांग ना काय करू?"

(हो, शेवटच्या राक्षसाचं नाव बालच आहे. बालसुलभ असं त्याच्यात काही नाही.)

तर आजचा भाग या दोघांसाठी. पण ज्यांनी हा गेम बघितलेलाही नाही त्यांनी पळू नका. निसर्गाची शक्ती वापरणारा हिरो असलेला कुठलाही गेम घ्या, फोनवरचा घ्या, अडचण हीच येते. हाताशी झाडं आहेत, जनावरं आहेत, वारा आहे, आग आहे, आणि पॉइंट मात्र मोजकेच.

थोडी ओळख

डायब्लो टू आला २००० मध्ये. पुढच्या वर्षी, जून २००१ मध्ये, त्याचा जोडभाग आला, लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन. त्यात दोन नवे हिरो होते, असॅसिन आणि ड्रुइड. ड्रुइड हा उत्तरेकडच्या स्कॉसग्लेन नावाच्या जंगलातला माणूस. रिझरेक्टेड म्हणजे त्याच गेमला २०२१ मध्ये दिलेलं नवं रूप. चित्रं नवी, हिशेब बराचसा जुनाच.

ड्रुइडकडे तीन ट्री असतात, म्हणजे स्किलची तीन पानं. पहिल्यावर निसर्गाची ताकद : आग आणि वारा. दुसऱ्यावर रूप बदलणं : लांडगा नाहीतर अस्वल. तिसऱ्यावर सोबती : कावळे, लांडगे, ग्रिझली अस्वल, वेली, आणि ओक सेजसारखे आत्मे. प्रत्येक पानावर दहा स्किल, एकूण तीस. एका स्किलमध्ये जास्तीत जास्त २० पॉइंट टाकता येतात. तीस गुणिले वीस म्हणजे सहाशे.

आणि आपल्याला मिळतात किती? लेव्हल वाढली की एक. शिवाय प्रत्येक डिफिकल्टीत काही कामं केली की चार : डेन ऑफ ईव्हिलचा एक, राडामेंटचा एक, इझुअलचे दोन. तीन डिफिकल्टी मिळून बारा. अगदी ९९ लेव्हलपर्यंत गेलात, जिथे बहुतेक लोक जातच नाहीत, तरी ९८ अधिक १२ म्हणजे ११०.

सहाशे जागा आणि एकशे दहा पॉइंट. सगळा खेळ इथे आहे.

सहा पॉइंटांची गोष्ट

हे मला कधी कळलं ते सांगते. २००८ ची मे महिन्याची सुट्टी, चिपळूणला मावशीकडे. मावसभावाच्या कॉम्प्युटरवर हा गेम होता. दादा तेव्हा बारावी संपवून बसलेला, मी सहावीत. त्याचा ड्रुइड २३ लेव्हलवर होता, वाऱ्याचा. एका वहीत त्याने सगळं आखून ठेवलं होतं : कुठल्या लेव्हलला कुठे पॉइंट. मला वाटायचं अभ्यासाची वही आहे.

दादा दोन दिवस गावी गेला. जाताना म्हणाला, "खेळ, पण माझं काही बिघडवू नकोस." मी खेळले. छान खेळले, खरंच! २३ ची २७ केली आणि इझुअलला पण मारलं. चार आणि दोन, सहा पॉइंट मिळाले. आणि मला ना, तो जळता दगड घरंगळत जाताना फार आवडायचा. मोल्टन बोल्डर. तो उघडायला फायरस्टॉर्ममध्ये एक टाकावा लागतो. टाकला. उरलेले पाच दगडात.

दादा आला, स्क्रीन बघितली आणि गप्प बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या काळात टाकलेला पॉइंट परत काढायची सोयच नव्हती. रीसेटची सोय आली २०१० मध्ये, १.१३ पॅचमध्ये. आमच्या त्या ड्रुइडला ती मिळाली नाही, कारण तोवर तो कॉम्प्युटरच भंगारात गेला होता.

दादाने वहीत हिशेब करून दाखवला होता. त्याचा बिल्ड ७५ व्या लेव्हलला पूर्ण होणार होता, आता ८१ व्या लेव्हलला होईल. मी म्हटलं, सहाच तर लेव्हल! तेव्हा मला माहीत नव्हतं की वरच्या लेव्हल किती हळू सरकतात, आणि नाइटमेअर-हेलमध्ये मेलं की कमावलेल्या अनुभवातला काही भाग कापलाही जातो.

सिनर्जी, म्हणजे एकमेकांना हात

आता कामाचं. २००३ मध्ये १.१० पॅच आला आणि त्याने गेमचा स्वभावच बदलला. त्यात सिनर्जी आली. एका स्किलमध्ये टाकलेला पॉइंट दुसऱ्या स्किललाही जोर देतो.

वाऱ्याचं उदाहरण घेऊ. मुख्य हत्यार टॉर्नेडो. त्याला तिघांचा हात मिळतो : सायक्लोन आर्मर, ट्विस्टर आणि हरिकेन. यांपैकी कुठेही टाकलेला प्रत्येक पॉइंट टॉर्नेडोचं नुकसान ९ टक्क्यांनी वाढवतो. तिन्ही वीस-वीस भरले तर ५४० टक्के. म्हणून वाऱ्याचा बिल्ड ऐकायला सोपा वाटतो : चार स्किल, प्रत्येकी वीस, ऐंशी पॉइंट झाले.

पण इथे एक गोष्ट आहे जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नवे खेळाडू हमखास तिच्यातच फसतात. अंगावरच्या वस्तूंवर "सगळ्या स्किलला अधिक दोन" वगैरे लिहिलेलं असतं ना? तो वाढीव आकडा सिनर्जीत धरला जात नाही. सिनर्जीला फक्त तुम्ही स्वतःच्या हाताने टाकलेले पॉइंट दिसतात. उलट, तोच वाढीव आकडा एका पॉइंटच्या स्किललाही पूर्ण लागू होतो.

म्हणजे काय? ओक सेज बघा. हा आत्मा शेजारी तरंगत राहतो आणि तुमचं आयुष्य वाढवतो. पहिल्या पॉइंटला ३० टक्के, पुढे प्रत्येक पायरीला ५. तुम्ही एकच पॉइंट टाकला आणि अंगावरच्या वस्तूंनी सहा दिले, तर तो सातव्या पायरीवर गेला. ६० टक्के. एका पॉइंटात! ग्रिझलीचंही तसंच.

म्हणून पॉइंट टाकताना स्वतःला एकच विचारा : हे स्किल मला हवंय, की याचा हात दुसऱ्याला हवाय? नुसतं हवं असेल तर एक टाका आणि बाकीचं वस्तूंवर सोडा. हात हवा असेल तर वीस भरा. एखाद्या स्किलमध्ये सात-आठ पॉइंट पडलेले दिसले की समजायचं, इथे कुणाचं तरी मन द्विधा झालंय. (माझं झालं नव्हतं. मला दगडच हवा होता.)

वारा

तर वाऱ्याचा पूर्ण हिशेब. टॉर्नेडो, हरिकेन, सायक्लोन आर्मर, ट्विस्टर : ऐंशी. सायक्लोन आर्मर उघडायला आर्क्टिक ब्लास्टमध्ये एक. ओक सेज एक. आणि ग्रिझलीपर्यंत पोचायला रेवन, स्पिरिट वुल्फ, डायर वुल्फ, ग्रिझली, प्रत्येकी एक. एकूण ८६. लेव्हल ७५ ला लेव्हलचे ७४ आणि कामांचे १२, बरोबर ८६. दादाच्या वहीतला आकडा हाच होता.

वारा इतका का आवडतो लोकांना? टॉर्नेडो अंगावर आपटल्यासारखं, म्हणजे फिजिकल नुकसान करतो. हरिकेन गारठ्याचं करतो. हेलमध्ये बरेच राक्षस एखाद्या प्रकाराला दादच देत नाहीत, त्यांना इम्युन म्हणतात. गारठ्याला इम्युन असलेला टॉर्नेडोने मरतो, फिजिकल इम्युन असलेला हरिकेनने गारठतो. दोन्हींना पुरून उरणारे थोडे. ते दिसले की वळसा घालायचा, त्यात लाज नाही.

दुसरं कारण गरिबांसाठी. टॉर्नेडोला तुमच्या हातातलं शस्त्र किती जोरात लागतं याच्याशी काही देणंघेणं नाही. महागडी तलवार नको. हव्यात फक्त स्किल वाढवणाऱ्या वस्तू आणि फास्टर कास्ट रेट, म्हणजे मंत्र किती झटपट सुटतो ते.

तिसरं, सायक्लोन आर्मर. ते आग, गारठा आणि वीज स्वतःवर झेलतं. विष आणि साधा मार मात्र झेलत नाही, तेव्हा कवच आहे म्हणून गर्दीत घुसू नका.

खोट सांगायची तर टॉर्नेडो सरळ जात नाही. झोकांड्या खात जातो. लांबून एकट्या राक्षसावर सोडला तर बाजूने निघून जातो आणि आपण बघत बसतो. उपाय म्हणजे जवळ जा आणि एकामागून एक सोडत राहा. जवळ जायचं म्हणजे जीव हवा. म्हणून ओक सेज, म्हणून ग्रिझली पुढे.

कास्ट रेटबद्दल एक. हा आकडा वाढवला की वेग लगेच वाढतो असं नाही. एसटीच्या भाड्याचे टप्पे असतात ना, तसं आहे. टप्पा ओलांडेपर्यंत काही बदलत नाही. माणसाच्या रूपातल्या ड्रुइडचे टप्पे असे : ४, १०, १९, ३०, ४६, ६८, ९९ आणि १६३. तुमच्याकडे ४७ असो की ६७, मंत्र सारख्याच वेगाने सुटतो, तेरा फ्रेममध्ये. ६८ झाले की बारा. म्हणून ६० वरून ६५ करण्यासाठी चांगली अंगठी टाकू नका. ६८ गाठता येत असेल तरच टाका.

६८ गाठायची स्वस्त वाट म्हणजे स्पिरिट हा रूनवर्ड : ताल, थुल, ऑर्ट, ॲम्न, चार भोकांच्या तलवारीत किंवा ढालीत. सगळ्या स्किलला दोन आणि २५ ते ३५ टक्के कास्ट रेट. एक तलवार, एक ढाल, आणि दहा-दहाच्या अंगठ्या. त्यासाठी लोक मोनार्क ढाल वापरतात, पण तिला १५६ स्ट्रेंथ लागते. तेवढे गुण तिकडे गेले की आयुष्याला कमी पडतात. मी तरी घेते, कारण दोन स्किल आणि कास्ट रेट दोन्ही एका जागी मिळतात.

लांडगा

आता भावाची बाजू. तो चुकीचं काहीच म्हणत नाहीये. लांडगा खेळायला वाऱ्यापेक्षा मजा येते, हे मी वाऱ्याच्या घरातली असून सांगते.

वेअरवुल्फमध्ये वीस, लायकॅन्थ्रोपीत वीस, फ्युरीत वीस. मधल्या पायऱ्यांचे थोडे. उरलेले ओक सेजमध्ये, किंवा मारा वाढवायचा असेल तर हार्ट ऑफ वुल्व्हरिनमध्ये. दोन्ही आत्मे एका वेळी बाहेर ठेवता येत नाहीत, हे आधीच लक्षात ठेवा. लायकॅन्थ्रोपी आयुष्य वाढवते आणि रूप जास्त वेळ टिकवते. फ्युरी म्हणजे एका दमात पाच वारांपर्यंत. समोर पाच जण असोत की एकच, सुटका नाही.

मग मी लगेच हो का म्हणत नाही? शस्त्रामुळे. वारा शस्त्राशिवाय चालतो, लांडगा शस्त्रावरच जगतो. मार किती, शस्त्रावर. वेगही मुख्यतः शस्त्रावर. शिवाय मंत्राला नेम लागतो की नाही हे गेम तपासत नाही, पण पंजाचा प्रत्येक वार तपासतो, म्हणून अटॅक रेटिंग हवं. मारता मारता आयुष्य परत ओढणारी लाइफ लीचची वस्तू हवी. आणि फिजिकल इम्युन समोर आला की पाचही वार फुकट.

लांडग्याचं जुनं नावाजलेलं शस्त्र म्हणजे रिबक्रॅकर ही काठी. वेग ५० टक्के आणि क्रशिंग ब्लो ५० टक्के, म्हणजे अर्ध्या वेळा समोरच्याच्या उरलेल्या आयुष्याचा लचकाच तुटतो. तुमच्या पेटीत ती असेल तर माझं उत्तर वेगळं असेल. म्हणून मी तिला परत विचारलं, पेटीत काय आहे? तिने फोटो पाठवला. दोन स्पिरिटपुरते रून आहेत. काठी नाही. लांडग्याला उपयोगी असं एक हेल्मेट आहे, जलाल्स मेन. बास.

बाकीच्या वाटा, पटापट

आग : सुरुवातीला उत्तम. बाराव्या लेव्हलला फिशर मिळतं, त्याला फायरस्टॉर्म आणि व्होल्केनोचा हात. नॉर्मल डिफिकल्टी यावर हसतखेळत जाते. नंतर लोक रीसेट करून वाऱ्याकडे जातात, कारण टॉर्नेडो २४ ला आणि हरिकेन ३० ला उघडतं आणि त्याआधीचा वारा म्हणजे नुसती फुंकर. या दोघांनी पहिला रीसेट इथेच वापरला, तो योग्यच होता.

अस्वल : मजबूत, सावकाश. ज्यांना घाई नाही त्यांनी करा.

सोबत्यांची फौज : पूर्वी स्पिरिट वुल्फ, डायर वुल्फ आणि ग्रिझली एका वेळी बाहेर ठेवता येत नसत. २०२२ च्या २.४ पॅचने ती अट काढली. आता कावळ्यांसकट अख्खी जत्रा घेऊन फिरता येतं. बघायला गोड वाटतं. पण हेलमध्ये ही जत्रा वस्तूंशिवाय थकते, आणि आपण मागे उभं राहून बघत बसतो. या दोघांचा दुसरा रीसेट इथे गेला. भावाला लांडगे हवे होते आणि बहिणीला ते सांभाळायचे होते, त्या तडजोडीत.

फोनवाल्यांनो

हे सगळं स्विचवर चाललंय आणि आपल्याकडे फोन आहे, असं म्हणणारे बरेच असणार. टायटन क्वेस्ट बघा. मूळ २००६ चा, फोनवर २०१६ पासून. त्यात ड्रुइड निवडता येत नाही, तो बनवावा लागतो. दुसऱ्या लेव्हलला एक विद्या, आठव्या लेव्हलला दुसरी. वादळाची विद्या आणि निसर्गाची विद्या एकत्र केली की पात्राचं नावच ड्रुइड होतं. शिकार आणि निसर्ग घेतला तर रेंजर.

निसर्गाच्या विद्येत लांडगे बोलावता येतात, प्लेग नावाचा रोग एका शत्रूवर टाकला की तो शेजारच्याला लागतो, रीग्रोथने जखम भरते, आणि पुढे धनुष्य घेतलेली वनकन्या सोबतीला येते. तिथला फास वेगळा आहे. तिथे विद्येच्या पट्टीतही पॉइंट भरावे लागतात. ती भरल्याशिवाय वरची स्किल उघडत नाहीत. नवे लोक पट्टीला वायफळ समजून सगळं लांडग्यांत टाकतात आणि मग वनकन्येची वाट बघत बसतात. पट्टीतला पॉइंट वाया जात नाही, तो आयुष्य आणि इतर गुणही वाढवतो. माझी सवय अशी : आधी पट्टी बरीचशी, मग लांडग्यांना थोडे, वादळाचं एक हत्यार धरून त्याला बाकीचे.

तर परभणीकरांनो, ऐका

तुमच्याकडे आज किती पॉइंट आहेत? लेव्हल ६२, म्हणजे ६१. नॉर्मल आणि नाइटमेअरची कामं, आठ. हेलची डेन ऑफ ईव्हिल, एक. एकूण ७०.

माझं मत वारा. शस्त्र नाही, जूनपर्यंत वेळ थोडा, आणि रून हातात आहेत. सत्तरची वाटणी अशी करा. सहा एकेरी पॉइंट आधी : आर्क्टिक ब्लास्ट, ओक सेज, रेवन, स्पिरिट वुल्फ, डायर वुल्फ, ग्रिझली. राहिले ६४. टॉर्नेडो वीस, हरिकेन वीस. राहिले २४. आता ट्विस्टर आणि सायक्लोन आर्मर यांत कुणाला आधी? टॉर्नेडोला दोघांचा हात सारखाच. ट्विस्टर हरिकेनचा मारही वाढवतं, सायक्लोन आर्मर तुम्हाला जिवंत ठेवतं आणि हरिकेन जास्त वेळ टिकवतं. दर पाच मिनिटांनी मरणाऱ्याने काय निवडावं? सायक्लोन आर्मर वीस, ट्विस्टर चार. उरलेले सोळा ट्विस्टरमध्ये पुढे भरायचे : हेलच्या राडामेंट-इझुअलचे तीन आणि तेरा लेव्हलचे तेरा. ७५ ला पूर्ण.

रीसेट करण्याआधी स्किलच्या तिन्ही पानांचा आणि गुणांचा फोनवर फोटो काढून ठेवा. रीसेटमध्ये स्ट्रेंथ वगैरेही परत येते, त्यामुळे अंगावरच्या वस्तू लाल होतील, घाबरू नका. आधी वस्तूंपुरती स्ट्रेंथ आणि डेक्स्टेरिटी भरा, बाकी सगळं व्हायटॅलिटीत. एनर्जीला एकही नको. स्विच एकाच्या हातात आणि फोटो दुसऱ्याच्या हातात असू दे. पॉइंट मोठ्याने बोलून टाका. हसू नका, आम्ही असंच करतो.

सोबतीचा भाडोत्री सैनिक नाइटमेअरच्या दुसऱ्या अंकातून ग्राइझकडून घ्या. वाऱ्यासाठी डिफेन्सिव्ह, म्हणजे होली फ्रीझवाला. तो सगळ्यांना मंद करतो आणि टॉर्नेडोला सापडण्याइतका वेळ देतो. ऑफेन्सिव्ह घेतलात तर माइट मिळेल, पण माइट टॉर्नेडोचा मार वाढवत नाही, शस्त्राचा वाढवतो. लांडग्याला तो चालला असता.

रेझिस्टन्स तपासा. हेलमध्ये सगळे शंभरने कमी होतात. आन्याचं काम नॉर्मल आणि नाइटमेअरमध्ये केलं नसेल तर आधी ते करा, दोन्ही मिळून वीस परत मिळतात. तुमच्या मरण्याचं अर्धं कारण मला इथेच दिसतंय.

आणि आता भावासाठी. बाबू, तुझा लांडगा मी रद्द करत नाहीये. रिझरेक्टेडमध्ये एकाच खात्यातल्या पात्रांची एक सामाईक पेटी असते. तू आजच दुसरा ड्रुइड सुरू कर. जलाल्स मेन त्या पेटीत टाक. वाऱ्याने हेल फिरताना रिबक्रॅकर पडली की ताईने ती हात न लावता पेटीत टाकायची, हे तिच्याकडून आत्ताच कबूल करून घे. त्या दुसऱ्या ड्रुइडला तीन रीसेट नवे मिळतील. शिवाय हेलमध्ये अँडॅरिएल किंवा डुरिएल, मेफिस्टो, डायब्लो आणि बाल यांच्याकडून चार अर्क जमले की क्यूबमध्ये घालून आणखी एक रीसेट बनवता येतो. म्हणजे तुम्ही ज्याला शेवटचा म्हणताय तो तसा शेवटचा नाही. पण अर्क पडेपर्यंत जून उजाडेल, म्हणून शेवटचा समजूनच वापरा.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी दादाला फोन केला होता. तो आता बोटीवर असतो, नेट मिळेल तेव्हा मिळतं. त्याला तुमची ७० पॉइंटांची वाटणी वाचून दाखवली. म्हणाला, "ट्विस्टर चार कशाला, दोन ग्रिझलीत टाक." मी नाही म्हटलं. मग म्हणाला, "आणि बोल्डरमध्ये?"

फोन कट झाला, रेंज गेली असावी. बाल पडला की स्क्रीनचा फोटो पाठवा, त्याला पुढे पाठवते.